काठावर शिकायचं कॅप्टनपद

क्रिकेटचा कॅप्टन मैदानातून ओरडून फिल्डिंग बदलू शकतो. कबड्डीत साखळी धरलेल्या गड्याच्या कानातही ऐनवेळी काही सांगता येतं. पोहण्यात तसं नाही. एकदा डोकं पाण्याखाली गेलं की वरून कुणी कितीही ओरडो, आत आपल्याच बुडबुड्यांचा आवाज. म्हणून आमच्या खेळातलं कॅप्टनपद काठावरच करावं लागतं, पाण्यात शिरण्याआधीच्या दहा मिनिटांत आणि बाहेर आल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीत असताना मी बेळगावातल्या आमच्या क्लबची कॅप्टन झाले. ५० मीटर फ्रीस्टाइलला मुलींत मी पुढे असायचे, त्यामुळे कॅप्टनही मीच, असं मी गृहीत धरलं होतं. वेगाचा आणि या कामाचा संबंध फार थोडा आहे, हे समजायला वर्ष गेलं आणि त्या वर्षात दोन-तीन मुलांना माझ्यामुळे त्रास झाला. आता त्याच क्लबात मी सकाळी लहान मुलांचा गट सांभाळते. दरवर्षी नवा कॅप्टन निवडला की तो किंवा ती माझ्याकडे येते आणि विचारते, ‘ताई, आता करायचं काय?’ त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा पलीकडे चंदगड, कुठेही तलावावर जाणाऱ्या मुलामुलींना ते उपयोगी पडावं.

पहिल्या आठवड्यात सरांना काय विचारायचं

निवड झाली की टाळ्या होतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशीपासून काय करायचं ते कुणीच बोलत नाही. म्हणून आपणच सरांकडे जायचं आणि तीन गोष्टी स्पष्ट करून घ्यायच्या. सरांना यायला उशीर झाला तर वॉर्म-अप कोण सुरू करणार, की सर येईपर्यंत कुणीच पाण्यात जायचं नाही? पालकांनी काही विचारलं तर उत्तर मी द्यायचं की सरांकडे पाठवायचं? आणि कुणी चुकलं तर मला काय करायची मुभा आहे?

तिसऱ्याचं उत्तर ‘फक्त सांगायची’ असंच असायला हवं. मोठ्या मुलाने लहान मुलाला शिक्षा म्हणून जादा लांब्या, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या, मारायला लावणं ही काही क्लबांत चालत आलेली सवय आहे. ती मला कधीच पटली नाही. ज्या मुलाला पोहणं शिक्षा म्हणून करावं लागतं, तो पुढच्या वर्षी तलावावर दिसत नाही.

वही आणि डोकी

एक शंभर पानी वही घ्या. मोबाइल नको, कारण तलावाच्या काठावर तो ओला होतो आणि वहीतलं पान सरांना फाडून देता येतं. प्रत्येकाला एक पान. नाव, शाळा, घरी कोण, तलावावर कशाने येतो, परत न्यायला कोण येतं. खानापूरकडची बस चुकली तर पुढची कधी आहे. घरी कुठली भाषा बोलतात. कशाची भीती वाटते. हे शेवटचं विचारून कळत नाही, बघून टिपायचं. कुणाला खोल बाजूची वाटते, कुणाला स्टार्टिंग ब्लॉकवरून उडी घ्यायची, कुणाला वडील बघायला आले की.

दम्याचा त्रास, फिट येणं असल्या गोष्टी वहीत उघड्या लिहायच्या नाहीत. त्या सरांना आणि जीवरक्षकाला माहीत असल्या पाहिजेत. पण दमा असलेल्या मुलाचा पंप बॅगेत कपड्यांखाली नसून काठावर हाताशी आहे ना, हे रोज बघणं तुमचं काम. फिट येणाऱ्या मुलाच्या लेनवर एक मोठं माणूस लक्ष ठेवून असल्याशिवाय त्याला पाण्यात जाऊ द्यायचं नाही.

आणि डोकी मोजायची. पाण्यात जाताना, मधल्या विश्रांतीत, बाहेर आल्यावर आणि कपडे बदलून दारातून निघताना. चार वेळा. पोहणाऱ्यांच्या टोप्या सारख्या दिसतात, पाण्यात माणसं जागा बदलत राहतात, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज घेऊन चालत नाही. लेनप्रमाणे मोजायचं आणि आकडा तोंडाने म्हणायचा. आमच्याकडे मोजणाऱ्याने काठावर उभं राहून बोटांनी आकडा दाखवायचा असतो, समोरच्या टोकाला उपकॅप्टनने तोच आकडा दाखवायचा. दोघांची बोटं जुळली की झालं.

ही पद्धत कशी आली ते सांगायलाच हवं. माझ्या कॅप्टनपदाच्या दुसऱ्या महिन्यात, पावसाच्या एका संध्याकाळी, १४ जण आत गेले होते आणि बाहेर आल्यावर १३ भरले. त्या मिनिटात माझ्या पोटात जे झालं ते आजही आठवतं. सर आणि जीवरक्षक तलावाचा तळ बघत होते, मी कपडे बदलायच्या खोलीकडे धावले. पंपाच्या खोलीमागे, पन्हाळीखाली, टॉवेल डोक्यावर घेऊन सातवीतला एक मुलगा बसला होता. सवदत्तीकडून नुकतंच बेळगावात आलेलं कुटुंब, घरी कन्नड. मी विचारलं, ‘काय करूलालास रे इथं बसून?’ तो म्हणाला, ‘अक्का, तुमी काय सांगता मला समजत नाही.’

महिनाभर मी लेनमधल्या सगळ्यांना सेट, म्हणजे काय नि किती वेळा पोहायचं ते, मराठीतून सांगत होते. किक (नुसते पाय) सांगितली की तो पुल (नुसते हात) करायचा, पुल सांगितलं की पूर्ण स्ट्रोक. पोरं हसायची. मला वाटायचं, याचं लक्ष नसतं. त्याच्या लेनमध्ये कन्नड बोलणारी आणखी दोघं होती, पण त्यांनाही मी कधी ‘याला सांग’ म्हटलं नाही. चूक पूर्ण माझी होती.

तीन भाषांत बोलायला शिका

सीमाभागातल्या कॅप्टनला ही पायरी टाळता येत नाही. आपल्या तलावावर वडगाव-शहापूरची मराठी मुलं असतात, गोकाक-बैलहोंगलकडून शिकायला आलेली कन्नड मुलं असतात, कॅम्पातली हिंदी-उर्दू बोलणारी, कुणी कोकणी. पाणी सगळ्यांना एकच. मोठ्यांचे भाषेचे वाद मोठ्यांपाशी. लेनमध्ये प्रत्येक मुलाला आपल्याला काय करायचंय ते कळलं पाहिजे, एवढंच कॅप्टनला बघायचं असतं.

फार कन्नड लागत नाही. ‘अंजब्याड’ म्हणजे भिऊ नको. ‘उसिरु बिडु’, श्वास सोड. ‘इन्नोंद सल’, अजून एकदा. ‘निंद्र’, थांब. ‘साकु’, पुरे. ‘सावकाश’ तर आपल्याकडच्या कन्नडमध्येही सावकाशच. आकडे मात्र विसापर्यंत पाठ करा. डोकी मोजताना ‘चौदा, हदिनाल्कु’ असं दोन्हीत म्हटलं की काठावरची सगळी मुलं आपण मोजले जातोय हे ऐकतात. मुलांच्या तोंडी वीरधवल खाडे आणि श्रीहरी नटराज या दोन्ही जलतरणपटूंची नावं असतात, एक कोल्हापूरचा, एक बेंगळुरूचा. आपण दोघांच्या मधे राहतो, तर दोन्हीकडचं बोलता यायला हवं.

शब्दांखेरीज हाताच्या खुणा ठरवून घ्या. मुठी एकमेकींवर ठेवल्या की पुल, तळहात हलवला की किक, डोक्यावर हात ठेवला की जागच्या जागी थांबायचं. पाण्यातून वर बघणाऱ्याला खूण दिसते, शब्द ऐकू येत नाही.

पाण्यात शिरण्याआधीची दहा मिनिटं

आता रोजचं काम. सरावाच्या वेळेआधी किमान पंधरा मिनिटं तलावावर हजर व्हा. किकबोर्ड (पायांच्या सरावाला हातात धरायची फळी) आणि पुलबॉय (हातांच्या सरावाला पायांत धरायचा तरंगता ठोकळा) मोजून काठावर लावा, लेनच्या दोऱ्या ताणलेल्या आहेत का बघा, बॅकस्ट्रोकच्या झेंड्यांची दोरी सुटलेली नाही ना बघा. हे झेंडे भिंतीपासून ५ मीटरवर असतात. उताणं पोहणारा ते बघून हात मोजतो आणि वळतो. दोरी सरकलेली असली तर डोकं भिंतीवर आपटतं. ही तपासणी मी अजूनही स्वतः करते.

मग लेन लावायच्या. लेनमध्ये सहा जण असतील तर वेगानुसार क्रम ठरवायचा, कोणत्या बाजूने जायचं नि कोणत्या बाजूने यायचं ते बोट दाखवून सांगायचं आणि दोघांत पाच-दहा सेकंदांचं अंतर ठेवायचं. मागचा पायाला लागला तर पुढच्याने पुढच्या भिंतीला कोपऱ्यात थांबून त्याला जाऊ द्यायचं. मधेच थांबायचं नाही. लेनमधली निम्मी भांडणं या एका नियमाने मिटतात.

सेट सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘आठ वेळा ५० मीटर किक, दर सव्वा मिनिटाला एक’ एवढं सांगून एकाकडून म्हणून घ्या. ‘कळलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘काय करायचंय सांग बघू’ म्हटलं की कुणाला कळलं नाही ते कळतं. बुजरं मूल असेल तर त्याला सगळ्यांसमोर नको, जवळ जाऊन विचारा.

सकाळच्या वेळी जुनी मंडळी पोहायला येतात. सत्तरीतले काका शांतपणे एका लेनमधून दीड तास ये-जा करत असतात. क्लबाला लेन हवी असली तर ‘आमची बॅच आहे’ म्हणून शिट्टी वाजवायची नाही. आदल्या दिवशी जाऊन नमस्कार करून सांगायचं, ‘काका, उद्या सहा ते सात आम्हाला तीन लेन लागतील, तुम्हाला कडेची चालेल का?’ मला एकानेही कधी नाही म्हटलेलं नाही. त्यातले कितीतरी जण लहानपणी येळ्ळूर-कंग्राळीच्या विहिरींत पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून शिकलेत. ते आपल्या मुलांना जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं.

डिसेंबर-जानेवारीची गोष्ट निराळी. उघड्या तलावावर पहाटे पाण्यावर धुक्याचा थर असतो, मुलं टॉवेल गुंडाळून काठावर एका रांगेत, प्रत्येकजण शेजारच्याकडे बघत. त्या वेळी भाषण करू नका. टॉवेल काढून पहिली उडी तुम्ही घ्या आणि दोन लांब्या मारून भिंतीला या. पाण्यात थरथरणाऱ्या मुलाला मात्र ताबडतोब बाहेर काढायचं. ओठ निळे पडले, बोलणं अडखळलं तर अंग पुसून, कोरडे कपडे घालून, गरम काहीतरी प्यायला द्यायचं आणि त्या दिवशी परत पाण्यात नाही.

स्वतःच्या पोहण्याबद्दल थोडंच. भिंतीला हात लावा. प्रत्येक लांबीला, कुणी बघत नसताना. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी. सरावात एका हाताने टेकायची सवय मुलं कॅप्टनकडूनच उचलतात आणि स्पर्धेत बाद होतात.

जीवाचा प्रश्न

कॅप्टन म्हणजे जीवरक्षक नव्हे. तुम्ही अठरा वर्षांचेही नसाल. जीवरक्षक जागेवर नसेल तर कुणालाही पाण्यात जाऊ द्यायचं नाही, सर स्वतः म्हणाले तरी ‘सर, जीवरक्षक दादा दिसत नाहीत’ एवढं तरी म्हणायचं.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे सगळ्यांना शिकवा. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, तर ओरडणार कुठून? डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबत, पाय स्थिर. बघणाऱ्याला वाटतं, उभा आहे. अशा वेळी ओरडून जीवरक्षकाला बोलवायचं आणि काठावरून काठी, किकबोर्ड, टॉवेल, जे हाताला लागेल ते पुढे करायचं. स्वतः उडी मारायची नाही. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात एक क्षणही घालवायचा नाही. १०८ला फोन आणि ज्याला शिकवलेलं आहे त्याने लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, ३० दाबांना २ श्वास. बुडालेल्याला हवाच मिळालेली नसते, म्हणून नुसता छातीवर दाब पुरत नाही. हे वाचून येत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांना बोलावून पुतळ्यावर सगळ्यांकडून करून घ्या, आणि ते घडवून आणायचा पाठपुरावा कॅप्टनने करायचा.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. श्वास रोखून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. आधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यायची तळमळ प्राणवायू संपल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. त्यामुळे तळमळ होण्याआधीच प्राणवायू संपतो आणि मूल आवाज न करता बेशुद्ध पडतं, तेही चांगलं पोहणारं. अशी पैज लागलेली दिसली की जागच्या जागी बंद करायची.

एप्रिल-मे महिन्यांत बेळगावात दुपारनंतर वळीव येतो. ढग गडगडले की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी आत नाही. मुलं कुरकुर करतील. करू द्या.

सुट्टीत पोरं राकसकोपच्या धरणावर, मलप्रभेच्या डोहात, कुणाच्या शेतातल्या विहिरीत जायचे बेत आखतात. क्लबात पोहणाऱ्याला आपल्याला येतं असं वाटतं. तलावात तळ दिसतो, भिंत २५ किंवा ५० मीटरवर असते, पाणी जागच्या जागी असतं. नदीत यातलं काहीच नसतं. असा बेत कानावर आला तर चुगलीची लाज न बाळगता घरच्यांना सांगा. गणपतीत विसर्जनाच्या ठिकाणी मदतीला पोहणारी मुलं बोलावतात, तिथेही अठराखालच्या कुणाला पाठवायचं नाही.

मुली गळतात तेव्हा

उन्हाळी शिबिराला मुली भरपूर असतात. सातवी-आठवीपर्यंत येतात आणि मग एकेक कमी होत जाते. घरून कारण ‘अभ्यास’ असं सांगितलं जातं. खरं कारण पाळीचं असतं, पोशाखाचं असतं, काठावर बसून बघणाऱ्यांच्या नजरेचं असतं.

कॅप्टन मुलगी असेल तर तिने हे मोकळेपणाने बोलायचं, मुलगा असेल तर उपकॅप्टन मुलगीच हवी आणि हे काम तिच्याकडे द्यायचं. पाळीत पोहायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं, मात्र कारण न विचारता चार दिवस काठावर बसून स्टॉपवॉच धरायची मुभा प्रत्येकीला असली पाहिजे. तिची हजेरी लागली पाहिजे, म्हणजे ती क्लबापासून तुटत नाही. सरावाला लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालतो, हे घरी आईला सांगायला स्वतः जा. वडगावात एका मुलीच्या घरी मी गेले होते, माग चालू होता, त्या खडखडाटात तिच्या आईशी अर्धा तास बोलले. आईचा प्रश्न एकच होता : संध्याकाळी अंधार पडल्यावर ती घरी कशी येणार? पोशाखाचा विषय तिने काढलाच नाही. दोन मुलींना एकत्र सोडायची सोय झाली आणि ती मुलगी पुढे तीन वर्षं पोहली.

मुलांनी मुलींच्या अंगावरून काही बोललं तर पहिल्यांदा त्याला बाजूला घेऊन सांगायचं आणि त्याच दिवशी सरांच्या कानावरही घालायचं. हे मुलांमुलांत मिटवून टाकायचं प्रकरण नाही.

सर, पालक आणि मधे तुम्ही

मुलांचं गाऱ्हाणं सरांपर्यंत न्यायचं तर नाव न घेता, एकटं असताना, आणि सोबत काहीतरी उपाय घेऊन. ‘सर, सगळे दमलेत’ यापेक्षा ‘सर, परीक्षा असलेल्या आठवड्यात दहावीच्या मुलांना एक दिवस आड चालेल का?’ हे बरं. एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या परीक्षांच्या तारखा लागल्या की हे आपणहून विचारायचं.

पालक काठावरून मुलाला सूचना देत असतील तर त्यांना अडवायला जाऊ नका. ते सरांचं काम. तुम्ही त्या मुलाच्या लेनपाशी जाऊन उभे राहा, म्हणजे भिंतीला आल्यावर त्याला आधी तुमचा चेहरा दिसेल.

स्पर्धेला निघताना

राज्य पातळीवरच्या बऱ्याच स्पर्धा बेंगळुरूत, बहुधा बसवनगुडीच्या तलावावर. इथून सुमारे ५०० किलोमीटर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत पोचतो, झोप अर्धवट, पाणी नवं, ५० मीटरचा तलाव आणि घोषणा कन्नड नि इंग्रजीत. मराठी शाळेतल्या मुलाला आपलं नाव पुकारलेलं कळत नाही आणि हीट (शर्यतीतली त्याच्या गटाची फेरी) निघून जाते. असं झालेलं मी बघितलं आहे. म्हणून आदल्या रात्री प्रत्येकाच्या मनगटाजवळ पेनाने लिहायचं : शर्यत क्रमांक, हीट, लेन. आणि त्याच्या आधीच्या दोन शर्यती सुरू झाल्या की हाताला धरून रिपोर्टिंगच्या जागी नेऊन बसवायचं.

शिट्ट्या समजावून सांगा. आखूड शिट्ट्या म्हणजे तयार व्हा, लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा, बॅकस्ट्रोकला त्याच लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीला येऊन धरायचं. ‘टेक युवर मार्क्स’ झाल्यावर हलायचं नाही. दुसरी संधी नसते. ब्रेस्टस्ट्रोक सोडून बाकी प्रकारांत सुरुवातीनंतर आणि वळणानंतर १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं वर आलं पाहिजे.

कॅप्टनच्या पिशवीत काय असतं : दोन जादा गॉगल, जादा टोप्या, गॉगलची रबरी दोरी, सेफ्टी पिना, सुई-दोरा, जन्मदाखल्यांच्या आणि आधारच्या प्रती, केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की. कुणाची आई हमखास कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा देते. तो शेवटची शर्यत झाल्यावरच उघडायचा.

रिले हा एकच प्रकार, जिथे आपण खरोखर संघ असतो. मेडली रिलेचा क्रम ठरलेला असतो, आधी बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाइल. फ्रीस्टाइल रिलेत क्रम आपण लावतो. सर विचारतील तेव्हा सांगण्यासारखं तुमच्याकडे काही असावं. ज्याची ब्लॉकवरची सुरुवात शांत आणि पक्की तो पहिला, ज्याला शेजारी कुणी पुढे दिसला की अंगात येतं तो शेवटचा. आधीचा भिंतीला येत असतानाच ब्लॉकवर झुलून घेतलेल्या चालत्या सुरुवातीने दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याला अर्धा सेकंद तरी मिळतो, पण आधीच्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पाय ब्लॉकवरून सुटले तर अख्खा संघ बाद.

आमचा संघ असाच बाद झाला, आणि पाय माझे सुटले. जिल्ह्याची मेडली रिले. मी बटरफ्लाय, माझ्याआधी ब्रेस्टस्ट्रोकला नववीतली मुलगी. सरावात ती झेंड्यांपासून बरोबर तीन स्ट्रोक घ्यायची आणि लांब घसरत भिंतीला यायची. मी त्या तीनवर झुलायला शिकले होते. त्या दिवशी ती दमली होती. तिसरा स्ट्रोक आखूड पडला, तिने आणखी एक छोटा घेतला, आणि तोवर मी हवेत होते. माझं लक्ष शेजारच्या लेनवर होतं, तिच्या डोक्यावर नव्हतं.

आम्ही दुसऱ्या येत होतो. निकालफलकावर आमच्यापुढे बाद लिहिलं. नववीतली ती मुलगी रडायला लागली, तिला वाटलं चूक तिची. मी तिच्या आधी बोलायला हवं होतं. मी मात्र टॉवेल घेऊन कोपऱ्यात गेले आणि तिला दहा मिनिटं तसंच राहू दिलं. शेवटी सर म्हणाले, ‘जा, तिला सांग.’ गेले, चौघींसमोर सांगितलं की पाय माझे सुटले, तिने काही चूक केलेली नाही.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते उपयोगाचं आहे. प्रत्येक जोडीने आठवड्याला दहा टेकओव्हर (एकाचा हात लागताच दुसऱ्याने निघायचं, याचा सराव) करायचे, त्यातले पाच सरावाच्या शेवटी, हातपाय जड झाल्यावर. निघणाऱ्याने स्ट्रोक मोजायचे नाहीत. येणाऱ्याच्या डोक्यावर नजर ठेवायची, हात त्याच्या हातामागे न्यायचे आणि तो भिंतीकडे शेवटचा हात टाकतो तेव्हाच झुलायला सुरुवात करायची. आणि आपला हात लागल्यावर हळूच, शेजारच्या लेनमध्ये न जाता, बाहेर पडायचं. सगळ्या संघांची शर्यत संपण्याआधी आपल्यातला दुसरा कुणी पाण्यात उतरला तरी बाद ठरवतात. जिंकल्याच्या आनंदात उडी मारणाऱ्यांना हे आधीच बजावून ठेवा.

शर्यत हरलेल्या मुलाजवळ लगेच जाऊन समजूत घालू नये. टॉवेल द्यावा, पाणी द्यावं, शेजारी बसावं. वेळ किती आली ते त्यालाच सांगू द्या. वहीत त्याची मागची वेळ लिहिलेली असते, ती दाखवायची. क्रमांक सातवा असेल, पण दोन सेकंद कमी झाले असतील तर ते त्याला आकड्यात दिसू दे.

वही दुसऱ्याच्या हातात

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला गेलात की सरावाला वेळ कमी पडतो. पद संपायच्या दोन-तीन महिने आधीच पुढच्याला हाताशी धरा. निवड सर करतील, पण तयारी तुम्हाला करून ठेवता येते. सगळ्यात वेगवान कोण ते बघू नका. पाऊस पडत असताना किकबोर्ड गोळा करायला कोण थांबतं, नव्या मुलाच्या गॉगलची पट्टी कोण नीट करून देतं, ते बघा.

त्याला किंवा तिला आधी वही वाचायला द्या. मग एक दिवस लेन लावायला सांगा, तुम्ही गप्प राहा. चुकलं तर सराव संपल्यावर सांगा, काठावर सगळ्यांसमोर नको. शेवटी डोकी मोजायचं काम सोपवा आणि तुम्ही स्वतः पाण्यात जा. हे मला फार जड गेलं होतं. नऊ महिने मी मोजत आले होते, आता माझंही डोकं दुसरं कुणी मोजणार होतं.

ज्याला मी पंपाच्या खोलीमागून उठवून आणलं होतं, तो मुलगा तोवर आठवीत गेला होता. कॅप्टन व्हायला तो लहान होता, पण आकडा त्याचा कधी चुकत नसे. माझ्या शेवटच्या आठवड्यात मोजायला तोच उभा होता. मी २०० मीटर संपवून भिंतीला आले, गॉगल वर केला. कानात पाणी होतं, तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. त्याने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मिटली, मग एका हाताची चार. समोरच्या टोकाला उपकॅप्टनने तीच दाखवली.